डिंगेनाचं वाक्य

माझी बायको डिंगेना गेली तेव्हा तिच्याजवळ मी एकटाच होतो. नेला सूप आणायला गेली होती. नेला म्हणजे डिंगेनाची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. आमच्याच गल्लीत, दोन दारं सोडून राहते. बहीण अंथरुणाला खिळल्यापासून ती दिवसभर आमच्याकडेच असायची. त्या सकाळी ती फक्त गॅसवर ठेवलेलं पातेलं आणायला घरी गेली आणि तेवढ्यात ते झालं.

ती मागच्या दाराने आत आली. पातेलं दोन्ही हातांनी, फडक्यात धरलेलं. माझ्याकडे बघूनच तिला कळलं. पातेलं खाली न ठेवता ती म्हणाली, "काही बोलली?"

आमच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती मंडळीत हा प्रश्न पहिला येतो. त्रास झाला का, झोपेत गेली का, हे सगळं नंतर. देव ज्यांना वाचवतो त्यांना त्याने जगाच्या आधीच निवडलेलं असतं, आणि त्यात माणसाचं काही चालत नाही, हे आम्ही आईच्या मांडीवर बसून शिकतो. पण कोणाला निवडलंय हे कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून मागे राहिलेले शोधत बसतात. मरताना एखादा शब्द निघाला, डोळ्यांत काही दिसलं, तर त्या घराला श्वास घेता येतो. लोक म्हणतात, "आशा आहे." काहीच निघालं नाही, तर लोक हात दाबतात आणि वाऱ्यापावसाबद्दल बोलतात.

मी म्हणालो, "बोलली."

"काय?"

"म्हणाली, त्यानं मला धरलंय. आता सोडत नाही तो."

हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं ते मला सांगता येणार नाही. मी बोलण्यातला माणूस नाही. जन्म कालवांच्या हौदांवर गेला, तिथे फार बोलावं लागत नाही. पण ते आलं, आणि एकदा आल्यावर परत आत गेलं नाही. नेलाने पातेलं टेबलावर ठेवलं, ती खुर्चीत बसली आणि तोंडावर फडकं धरून रडली. मीही रडलो. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मलाही वाटलं, की डिंगेना तसं म्हणाली.

ती तसं म्हणाली नव्हती.

डिंगेना आपल्या आत्म्याबद्दल कधीच बोलायची नाही. रविवारच्या दोन्ही उपासनांना ती हजर असायची, कपडे वाळत घालताना स्तोत्रं गुणगुणायची, गल्लीत कोणी आजारी पडलं की पहिलं पातेलं तिचं जायचं. पण मंडळीचे वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे पुढारी, वर्षाकाठी घरी भेटायला आले आणि त्यांनी विचारलं, "डिंगेनाबाई, तुमच्या जिवाचं देवापाशी काय चाललंय?" तर ही म्हणायची, "आधी बसा तर. कॉफी गार होतेय." लांब प्रवचनात ती पेपरमिंट चघळत डोळे मिटायची. मी कोपराने ढोसलं की पुटपुटायची, "ऐकतेय मी. डोळ्यांनी ऐकतात का?"

प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर घ्यायला, ती कधी उठली नाही. पण मीही नाही उठलो. आमच्यातले बहुतेक जण उठत नाहीत. चर्च गच्च भरलेलं असतं, पुढे पांढऱ्या कापडाचं लांब टेबल मांडलेलं असतं, आणि पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बोलावल्यावर बाकांतून जेमतेम टेबलाच्या एका टोकाला पुरतील इतकी माणसं उठतात. आपल्याला निवडलंय याची खूण ज्यांना मिळालेली आहे ती. बाकीचे बसून बघतात. कारण आपल्यासाठी नसलेली ती भाकर जो खातो, तो स्वतःचा दंड खातो. हे आम्हाला ठाऊक आहे, आणि नेलाइतकं कोणालाच ठाऊक नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी नेला काळे हातमोजे घालून बसायची आणि शेवटपर्यंत काढायची नाही. भाकर हातमोज्यांनी घेत नाहीत. म्हणजे आपल्याला उठायचंच नाही, हे ती घरूनच ठरवून यायची.

दफनाच्या दिवशी थडग्यापाशी क्रैन बोलला. क्रैन मंडळीतला एक वडील. आम्हाला गेली कित्येक वर्षं स्वतःचे पाळक नाहीत, तेव्हा रविवारी छापील प्रवचन क्रैनच वाचून दाखवतो. तो आणि मी शाळेत एका बाकावर होतो. एरवी तो मला रिनुस म्हणतो आणि माझ्या टोपीवरून थट्टा करतो. पण काळा कोट चढवला की मी त्याच्यासाठी 'मारीनुसराव' आणि 'तुम्ही' होतो. मयताचं कौतुक करायची आमच्यात रीत नाही. क्रैनने ते केलं नाही. एवढंच म्हणाला, "आपल्या या बहिणीबद्दल आशेने बोलायला आज आपल्याला जागा आहे. जाताना तिने सांगितलं, की अनादिकाळापासून ज्या हाताने तिला धरलं, तो हात तिला सोडत नाही."

अनादिकाळापासून. हे मी म्हटलं नव्हतं. नेलाने क्रैनच्या बायकोला सांगितलं असेल, तिने क्रैनला, आणि वाटेत ते वाढलं. मी चिखलातल्या माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

मग ते गावभर झालं. पावाच्या दुकानात बाई माझ्यासाठी दालचिनीचा बोलुस, तो आमच्याकडचा गोड चिकट पाव, कागदात गुंडाळताना म्हणायची, "तुमचं बरं आहे हो. तुम्हाला निदान कळलंय." धक्क्यावर एक जण मला थांबवून म्हणाला, "माझ्या बायकोला कालपासून तेच वाक्य पुरतंय." लोक माझ्याकडे असं बघायचे, जसं ज्याच्या घरात दिवा आहे त्याच्याकडे बघतात. आणि त्या सगळ्यांत मीच एकटा अंधारात होतो. डिंगेनाचं काय झालं, हे मला माहीत नव्हतं. इतर विधुर निदान 'माहीत नाही' असं म्हणू शकतात. त्यांना कोणीतरी म्हणतं, देवाची दया मोठी आहे. मला ते कोणी म्हणत नव्हतं, कारण मला त्याची गरज नाही अशी मीच व्यवस्था केली होती.

प्रार्थनाही करता येईना. 'देवा, ती तुझ्याकडे आहे का?' असं विचारायला गेलो की पुढचा प्रश्न त्याचाच येणार होता, ते वाक्य कोणाचं म्हणून. म्हणून मी जेवणाआधीचे ठरलेले शब्द म्हणायचो आणि बटाटे खायचो. डिंगेनाच्या खुर्चीवर मी वर्तमानपत्रं ठेवायला लागलो, ती रिकामी दिसू नये म्हणून. मग एकदा नेला आली आणि तिने ती सगळी उचलून खाली ठेवली.

नेला मात्र बदलत होती. हे मला हळूहळू दिसलं. तिने दारापुढे फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. माझ्याकडे कॉफीला आली की मधूनच म्हणायची, "परत सांग ना रे. कसं म्हणाली?" आणि मी सांगायचो. पहिल्यांदा खोटं बोललो ते दुःखाच्या भरात, असं मी स्वतःला समजावू शकत होतो. पण त्यानंतर दर वेळी मी साखर ढवळत, शांतपणे बोललो होतो.

"आवाज कसा होता?" ती विचारायची.

"साधाच. तिचाच."

"हो. ती मोठ्यानं नाहीच म्हणणार," असं म्हणून ती समाधानाने बोलुस मोडायची.

सप्टेंबरात कालवांचा हंगाम सुरू झाला. मी आता कामावर नाही, पण हंगामात निवडायला जातो. समुद्राच्या बांधाच्या आतल्या बाजूला हौद आहेत, तिथे कालवं स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवतात. मग ती निवडायची. दोन कालवं एकमेकांवर हलकेच आपटायची. भरीव वाजलं की जिवंत. पोकळ वाजलं की आतलं मेलेलं, टाकून द्यायचं. हातांना सवय झाली की विचारही करावा लागत नाही. त्या हंगामात मी ते करताना मुद्दाम काहीच विचार करत नसे.

क्रैन तिथे आला तो कामाच्या कपड्यांत, रबरी बुटांत. त्याच्या पुतण्याचे हौद माझ्या शेजारीच आहेत.

"रिनुस, ही टोपी तुझ्या बापाची की आजाची?" त्याने सुरुवात केली.

"तुझ्या आजाची. त्यानं गहाण ठेवली होती."

तो हसला, माझ्या शेजारी उलट्या पेटीवर बसला आणि मग त्याचा आवाज उतरला. "तुला म्हणून सांगतो. नेला माझ्याकडे आली होती."

"कशाला?"

"प्रभुभोजनाला यायचं म्हणते."

माझ्या हातातली कालवं हातातच राहिली. प्रभुभोजन तीन आठवड्यांवर होतं. खाडीपलीकडून पाळक येणार होते. ते वर्षातून दोनदाच येतात.

"नेला?" मी म्हणालो. "आपली नेला?"

"मलाही खरं वाटेना. मी विचारलं, बाई, कशाच्या आधारावर? तर म्हणाली, डिंगेना माझ्यापेक्षा चांगली नव्हती. शिकवणीच्या वर्गात ती खिदळायची आणि मी पाठ म्हणायचे. तरी तिला त्यानं धरलं आणि ती ते बोलून गेली. तेव्हा मला वाटायला लागलं, की तो माझ्यासारखीलाही धरत असेल." क्रैनने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "एका मरणाऱ्या बाईचं एक वाक्य, रिनुस. बघ त्याचं काय केलं देवानं."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. "क्रैन, ते डिंगेनाचं वाक्य..."

"माहितेय," तो मध्येच म्हणाला. "तुला त्याबद्दल बोलायला जड जातं. मला कळतं." तो पाण्याकडे बघत होता. "माझी आई गेली तेव्हा आम्ही सगळी भावंडं खाटेभोवती होतो. वाट बघत होतो. तिनं पाणी मागितलं, मग उशी सारखी करायला सांगितली, आणि संपली. इतकी वर्षं झाली. रविवारी मी त्या वरच्या जागेवरून इतरांना वाचून दाखवतो, पण माझ्या आईबद्दल मला काही माहीत नाही." त्याने टोपी घातली. "तुझ्याकडे ते वाक्य आहे, याचा मला हेवा वाटतो. पाप आहे, पण वाटतो."

मी दोन कालवं एकमेकांवर आपटली. भरीव वाजली.

ते तीन आठवडे मी कसेबसे काढले. नेलाच्या दारावरून जाणं टाळायला मी बांधावरून फेरा घालायचो. डोक्यात एकच हिशोब चालू होता. गप्प बसलो तर ती माझ्या खोट्याच्या आधाराने जाऊन बसणार, आणि ती भाकर तिच्यासाठी नसेल तर जो दंड ती खाईल तो मी वाढलेला असेल. सांगितलं तर तिच्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा जे तिला मिळालंय, ते मी हिसकावून घेणार. दोन्हीकडे मीच. कधीकधी मी स्वतःला म्हणायचो, देवाला तिला आणायचं असेल तर तो खोट्यातूनही आणेल. पण हे म्हणताना मला कळायचं, की मी देवाचं मोठेपण माझ्या तोंडावर पांघरूण म्हणून ओढतोय.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी तिच्या मागच्या दाराने आत गेलो. ती टेबलाशी बसून रविवारसाठी बटाटे सोलत होती. रविवार विश्रांतीचा, त्या दिवशी आम्ही सुरीही उचलत नाही. काळा पोशाख दाराला टांगलेला होता. हातमोजे कुठे दिसले नाहीत.

"आलास का शेवटी?" ती म्हणाली. "मला वाटलं बांधावरच घर बांधलंस. बस. उद्या चर्चनंतर इथेच जेव, बटाटे जास्त घेतलेत."

मी बसलो नाही. "नेला, डिंगेना ते बोलली नाही."

"काय बोलली नाही?"

"त्यानं मला धरलंय. ते. ते मी म्हटलं. ती नाही."

सुरी थांबली. बटाट्याची साल अर्धी लोंबत होती. तिने ती पुरी काढली, बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. मग तोही तसाच परत ठेवला.

"इतके महिने," ती म्हणाली. "कॉफी पीत पीत."

"हो."

"मी विचारलं, आवाज कसा होता. तर तू म्हणालास, साधा."

"हो."

"का?"

"तू दारात उभी होतीस. पातेलं घेऊन. तुझं तोंड..." मी टोपी काढली. "आणि मलाही ऐकायचं होतं. फक्त तुझ्यासाठी नाही केलं. मलाही ते ऐकायचं होतं, कोणाच्या तरी तोंडून, माझ्या का होईना."

ती उठली. नेला उंच बाई आहे. मला वाटलं ती मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने नळ सोडला, हात धुतले, आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"तू कोण रे? तू कोण, ते ठरवणारा? ती एक तर त्याची होती, नाही तर नव्हती. तू तोंड उघडायच्या आधीपासून. तुला काय वाटलं, तो वर अडकलाय, रिनुस मदतीला धावतोय?"

"नाही."

"मग? खूण तो देतो. त्याला द्यायची असेल तर. नाही तर नाही. तू काय केलंस, त्याच्या नावानं आपल्या घरी खूण बनवलीस आणि मला विकलीस. आणि मी येडी, घेतली. सरळ क्रैनकडे गेले मिरवायला." तिचा आवाज फाटला. "क्रैन रडला माझ्यापुढे. ठाऊक आहे तुला?"

"मला माफ कर" असं म्हणायचं मी येताना ठरवलं होतं. त्या स्वयंपाकघरात ते शब्द फार स्वस्त वाटले.

नळ बंद करून ती वळली. "खरं काय बोलली?"

"काही नाही."

"काहीतरी बोलली असेल. तू म्हणालास तू जवळ होतास. का तेही खोटं?"

"होतो." मी सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. "म्हणाली, मागच्या दाराची कडी काढून ठेव. नेला सूप घेऊन येईल, तिचे दोन्ही हात अडकलेले असतील. मी जाऊन कडी काढली. परत आलो तर..."

नेला टेबलाला धरून उभी होती. खिडकीतून बाहेर कोणाची तरी सायकल गेली. मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी म्हणालो, "मला कधीकधी वाटतं, की ते दार म्हणजे..."

"गप्प!" ती ओरडली. "खबरदार आता त्याचंही काही केलंस तर! दार म्हणजे दार. सूप म्हणजे सूप. तिला माझी काळजी वाटली, बस. तेवढं तरी जसं आहे तसं राहू दे."

मी मान हलवली.

"जा आता."

"उद्या तू..."

"जा म्हटलं ना."

रविवारी मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो. शेजारी डिंगेनाची जागा. नेला आमच्या पुढे, पलीकडच्या रांगेत, कडेला. तिची टोपी आणि खांदे मला दिसत होते, हात दिसत नव्हते. पाळक काय बोलले ते मला सांगता येणार नाही. कोणी येऊ नये ते त्यांनी आधी सांगितलं, नेहमीसारखं, आणि त्यात लबाड आणि खोटं बोलणारे आले तेव्हा मी पेपरमिंट तोंडात तसंच धरून ठेवलं. मग कोणी यावं ते सांगितलं. मग ऑर्गन सुरू झाला, आम्ही उठायच्या वेळचं ते संथ स्तोत्र गायला लागलो, आणि माणसं निघाली.

क्रैन पहिला. त्याची बायको. धक्क्यावरचा म्हातारा हुबेर, मुलीच्या हाताला धरून. एक एक करून नेहमीचे. टेबलाचं एक टोक भरलं. क्रैन नेलाकडे बघत होता. त्याने आपल्या बायकोशेजारची खुर्ची मुद्दाम थोडी बाहेर ओढून ठेवली होती. नेला उठली नाही.

कडवं संपलं. पाळकांनी ऑर्गनवाल्याला खूण केली, अजून एक. आम्ही ते गायलो. ती खुर्ची तशीच होती. हे मी केलं, एवढंच माझ्या मनात होतं. ज्या बाईला आयुष्यभर भीती वाटली, तिला मी आधी खोटं धैर्य दिलं आणि मग तेही काढून घेतलं. आता ती पुन्हा हातमोजे घालून बसेल, मरेपर्यंत बसेल.

दुसरं कडवं संपलं. पाळक भाकरीवरचं कापड उचलायला वळले.

तेव्हा नेला उठली. बाकाला धरून, पायांना मुंग्या आल्यासारखी. तिची पर्स खाली पडली, ती तिने उचलली नाही. सगळं चर्च गप्प होतं, ऑर्गनही थांबला होता, त्यामुळे तिची पावलं दगडी फरशीवर शेवटपर्यंत ऐकू आली. तिच्या हातांत हातमोजे नव्हते. हात कामाचे, लाल, बटाट्याच्या पाण्याने भेगाळलेले. ती खुर्चीत बसली, आणि भाकर आली तेव्हा तिचा हात इतका थरथरत होता, की क्रैनच्या बायकोला ताटली खालून धरावी लागली.

मी बसून बघितलं. मी उठलो नाही. मी उठू शकत नव्हतो.

जेवायला मी तिच्याकडे गेलो, कारण तिने बोलावलं होतं आणि ते तिने मागे घेतलं नव्हतं. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. बटाटे, मटणाचा तुकडा, रस्सा. आम्ही जेवलो. कॉफीच्या वेळी मला राहवलं नाही.

"नेला, तू कशाच्या आधारावर गेलीस?"

"कशाच्याच नाही," ती म्हणाली. "म्हणूनच तर उठायला इतका वेळ लागला."

मला वाटलं ती आणखी काही सांगेल. तिने साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"तुझं वाक्य होतं तेव्हा मी कशी जाणार होते, ठाऊक आहे? चटकन. पहिल्याच कडव्याला. सगळं ठरवलं होतं, कोणती टोपी घालायची ते सुद्धा." तिने नाक पुसलं. "काल तू गेल्यावर माझ्याकडे काही उरलं नाही. खूण नाही, तिचा शब्द नाही. माझं स्वतःचं तर कधी नव्हतंच. तिथे बसले होते आणि म्हटलं, देवा, माझ्याकडे काहीही नाही. पाळक म्हणत होते, ज्यांच्याकडे काही नाही त्यांनी यावं. इतकी वर्षं हेच म्हणतायत. मला वाटायचं, ते दुसऱ्या कोणाला तरी."

"तुला भीती नाही वाटली?"

"अजून वाटतेय. हात बघ." तिने दाखवला. मग तोच हात टेबलावर आपटला. "आणि तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नकोस. कॉफी पी आणि क्रैनकडे जा."

"आज? रविवारी?"

"हे काम नाहीये. त्यानं ते वाक्य थडग्यावर म्हटलंय. तो ते अजून इतरांना सांगतोय. जा. बूट पुसून जा, त्याच्या बायकोनं काल फरशीला मेण लावलंय."

क्रैनचं घर चर्चच्या मागेच आहे. मी मागच्या दाराशी गेलो. त्याने दार उघडलं तेव्हा काळा कोट अंगावरच होता, आणि तोंडावर अजून सकाळचा आनंद होता.

"मारीनुसराव! या, या. बघितलंत ना आज? नेलाबाई..."

"क्रैन, डिंगेना ते बोलली नाही. ते वाक्य माझं आहे. मी बनवलं."

त्याच्या तोंडावरचा आनंद एकदम गेला नाही; हळूहळू, उतरत्या पाण्यासारखा गेला. मागे स्वयंपाकघरात त्याची बायको कपबशा ठेवत होती, तो आवाज येत होता.

"आणि नेलाबाई?" त्याने विचारलं. "त्यांना..."

"तिला कालच सांगितलं."

"काल?"

"काल दुपारी."

"म्हणजे हे ठाऊक असताना उठल्या त्या?"

"हो."

त्याने दाराची चौकट धरली. मी टोपी हातात घेऊन उभा होतो. मंडळीपुढे दोषी म्हणून माझं नाव वाचलं जाईल, हे मला ठाऊक होतं. जायलाच हवं होतं. पण मला आणखी एक सांगायचं होतं आणि तेच सगळ्यांत जड होतं, कारण ज्या गोष्टीचा त्याला हेवा वाटला होता ती गोष्ट नव्हतीच.

"ती काहीच बोलली नाही, क्रैन," मी म्हणालो. "दाराची कडी काढायला सांगितली आणि गेली. तुझ्या आईसारखीच. मलाही काही माहीत नाही."

मग त्याने टायची गाठ सैल केली, जशी शाळेतून घरी जाताना आम्ही दोघं करायचो, आणि दारातून बाजूला झाला.

"आत ये, रिनुस," तो म्हणाला. "बूट काढून ये."